आईचे दूध पातळ का दिसते?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार वर्षानुवर्षे कायम आहे. गाव बदलते, अक्षर बदलते, मजकूर मात्र तोच : ‘सुनेच्या अंगावर दूध येते, पण ते पाण्यासारखे पातळ आहे. बाळाचे पोट त्याने भरत नाही. वरचे कोणते दूध सुरू करावे?’ पत्र बहुधा आजीचे किंवा बाळाच्या वडिलांचे असते. प्रत्यक्ष आईचे क्वचितच. दवाखान्यातही हाच प्रश्न आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी कानावर येतो.

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या चुकीच्या उत्तराची किंमत बाळाला मोजावी लागते. म्हणून आज आईच्या दुधात नेमके काय असते, किती असते आणि ते तसे का असते, हे सविस्तर पाहू. एकदा हे समजले की ‘पातळ’ या शब्दाची धास्ती आपोआप कमी होते.

पहिले तीन-चार दिवस : चीक

बाळंतपणानंतर पहिले तीन-चार दिवस जे घट्टसर, पिवळसर दूध येते त्याला आपण चीक म्हणतो. तो थोडाच येतो, एका वेळी चमचा-दोन चमचे. ‘अजून दूध उतरलेच नाही’ असे घरातली मंडळी म्हणतात ती याच दिवसांत. पण नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. या चिकात प्रथिने आणि रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात, साखर व चरबी कमी. त्याचा पिवळा रंग कॅरोटीनमुळे येतो, ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते. चिकामुळे बाळाची पहिली काळी शी लवकर साफ होते आणि कावीळ वाढण्याचा संभव कमी होतो.

गायी-म्हशी व्यायल्या की त्यांच्या चिकाचा खरवस आपण वेलची-जायफळ घालून आवडीने खातो. शेजारी वाटीही पाठवतो. आणि स्वतःच्या बाळाच्या वाट्याचा चीक मात्र ‘जड पडतो’ म्हणून पिळून टाकून देणारी घरे आजही आहेत. हा उलटा न्याय आहे. चीक हे बाळाचे पहिले लसीकरणच समजावे. बाळ जन्मल्यावर तासाभराच्या आत त्याला अंगावर घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात असे तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्के निघाले. म्हणजे निम्म्याहून अधिक बाळांची सुरुवातच उशिरा होते.

चौथ्या दिवसापासून दूध वाढू लागते व पातळ होऊ लागते. साधारण दोन आठवड्यांनी ते नेहमीच्या रूपात येते. घट्ट पिवळा चीक जाऊन पांढरे-निळसर दूध आले, हा बदल निसर्गाने ठरवलेला आहे. दूध ‘बिघडले’ असा त्याचा अर्थ नाही.

आकडे काय सांगतात?

दूध साधारण १०० मिलिलिटर घेतले तर त्यात काय असते ते पाहा. हे आकडे सरासरीचे आहेत, थोडेफार कमीजास्त होतात.

उष्मांक (कॅलरी) : आईचे दूध ६५ ते ७०, गायीचे ६५ ते ७०, म्हशीचे सुमारे १००.
प्रथिने : आईचे सुमारे १ ग्रॅम, गायीचे सव्वातीन ग्रॅम, म्हशीचे सुमारे ४ ग्रॅम.
स्निग्ध पदार्थ : आईचे साडेतीन ते ४ ग्रॅम, गायीचे साडेतीन ते ४ ग्रॅम, म्हशीचे साडेसहा ते ७ ग्रॅम.
दुग्धशर्करा : आईचे ७ ग्रॅम, गायीचे साडेचार ग्रॅम, म्हशीचे सुमारे ५ ग्रॅम.
पाणी : आईच्या व गायीच्या दुधात ८७ ते ८८ टक्के, म्हशीच्या दुधात ८२-८३ टक्के.

पहिली ओळ पुन्हा वाचा. उष्मांकांच्या हिशेबाने आईचे ‘पातळ’ दूध आणि गायीचे ‘चांगले’ दूध यांत काही फरक नाही. फरक आहे तो आतल्या मालमसाल्यात.

मग दिसायला पातळ का?

दूध पांढरे आणि दाट दिसते ते त्यातल्या केसीन या प्रथिनाच्या सूक्ष्म कणांमुळे आणि चरबीच्या थेंबांमुळे. दूध नासले की जो पांढरा चोथा खाली बसतो तो मुख्यतः केसीनचा, आणि वर राहते ती निवळी. गायीच्या दुधातील प्रथिनांपैकी ८० टक्के केसीन असते, २० टक्के निवळीतले. आईच्या दुधात हे प्रमाण उलटे : साधारण ४० टक्के केसीन व ६० टक्के निवळीतली प्रथिने. मुळात एकूण प्रथिनेच तिपटीने कमी, त्यात केसीन आणखी कमी. मग ते दूध निळसर, पातळ दिसणार नाही तर काय!

प्रथिने कमी म्हणजे दूध निकृष्ट, असे मात्र समजू नये. प्रत्येक प्राण्याचे दूध त्याच्या पिलाच्या गरजेप्रमाणे बनते. गायीचे वासरू जन्मानंतर तास-दोन तासांत पायावर उभे राहते आणि त्याचे वजन दीड-दोन महिन्यांत दुप्पट होते. सशाचे पिलू तर आठवडाभरात दुप्पट होते, म्हणून सशिणीचे दूध प्रथिनांनी गच्च भरलेले असते. माणसाच्या बाळाला वजन दुप्पट करायला सुमारे पाच महिने लागतात. त्याला घाई हाडामांसाची नसते, मेंदूची असते. पहिल्या वर्षात त्याच्या मेंदूचे वजन दुपटीहून अधिक होते. मेंदूला लागते साखर आणि विशिष्ट प्रकारची चरबी. म्हणून आईच्या दुधात गायीच्या दुधाच्या दीडपट साखर असते. मेंदू व दृष्टीच्या वाढीला लागणारी डीएचएसारखी स्निग्धाम्लेही त्यात असतात.

केसीनचा बाळाच्या पोटात घट्ट गोळा होतो व तो पचायला वेळ लागतो. निवळीतली प्रथिने हलकी. म्हणूनच अंगावरचे दूध पिणारे बाळ दोन-अडीच तासांनी पुन्हा रडते. आजी म्हणतात, ‘बघा, पोट भरलेच नव्हते.’ खरे तर पोट भरले होते, दूध पचले आणि पुन्हा भूक लागली. म्हशीचे दूध पिऊन बाळ चार-चार तास झोपते ते तृप्तीने नव्हे, जडपणाने.

आधी पाणी, मग साय

आणखी एक गोष्ट फार थोड्या घरांत माहीत असते. एकाच वेळच्या दुधातही सुरुवातीचे व शेवटचे दूध सारखे नसते. बाळ ओढू लागते तेव्हा येणारे दूध पातळ, साखर व पाणी जास्त असलेले. त्याने तहान भागते. जसजसे स्तन रिकामे होतात तसतशी चरबी वाढत जाते आणि शेवटचे दूध सायीसारखे दाट होते. त्याने पोट भरते आणि वजन वाढते. दुधातील जवळजवळ निम्मे उष्मांक या चरबीतून मिळतात.

तपासायला म्हणून दूध वाटीत पिळून पाहिले जाते ते सुरुवातीचे. ते पातळ असणारच. त्यावरून सगळ्या दुधाची परीक्षा करणे म्हणजे आमटीचे वरचे पाणी चाखून डाळ नाही म्हणण्यासारखे आहे. म्हणून घड्याळ लावून दहा मिनिटे इकडे, दहा मिनिटे तिकडे असे करू नये. एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्यावी, बाळाने स्वतः सोडले की दुसरी द्यावी.

दुधातच पाणी ८८ टक्के आहे, तेव्हा एप्रिल-मेच्या उन्हातही सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला वरून पाणी देण्याची गरज नाही. उन्हाळ्यात फक्त अंगावर जास्त वेळा घ्यावे.

डब्यात न मिळणाऱ्या गोष्टी

प्रथिने, साखर, चरबी यांचे प्रमाण कारखान्यात जुळवता येते. पण आईचे दूध हे जिवंत द्रव्य आहे. त्यात पांढऱ्या पेशी असतात. आईच्या आतड्यात किंवा श्वासनलिकेत जे जंतू जातात त्यांच्याविरुद्ध तिचे शरीर प्रतिद्रव्ये बनवते आणि ती दुधात उतरतात. म्हणजे ज्या घरातले, ज्या गल्लीतले जंतू बाळाला गाठणार, नेमके त्यांच्यावरचे औषध त्याला आईकडून मिळते. असे औषध जगातली कोणतीही कंपनी डब्यात भरू शकत नाही. म्हणूनच आईला सर्दी, ताप किंवा जुलाब झाले तर दूध बंद करू नये.

शिवाय लॅक्टोफेरीन हे प्रथिन लोह धरून ठेवते, त्यामुळे जंतूंना ते मिळत नाही. लायसोझाइम जंतूंची भिंत फोडते. चरबी पचवणारे एक पाचकही दुधाबरोबरच येते. आणि सर्वांत नवलाची बाब म्हणजे, या दुधात काही साखरी अशा आहेत की त्या बाळाला पचतच नाहीत. त्यांचे दोनशेच्या आसपास प्रकार मोजले गेले आहेत आणि दुग्धशर्करा व चरबीच्या खालोखाल त्यांचाच क्रमांक लागतो. बाळाला न पचणारी साखर आईने बनवावी कशाला? तर ती बाळाच्या आतड्यातल्या उपकारक जंतूंचे अन्न आहे. हे जंतू तेथे बस्तान बसवतात आणि जुलाब करणाऱ्या जंतूंना जागा उरत नाही.

दुधात काय कमी असते?

आईच्या दुधाचे गुणगान करताना त्यातल्या उणिवाही सांगायला हव्यात.

ड जीवनसत्त्व आईच्या दुधात फार कमी असते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिट इतके थेंब द्यावे लागतात. के जीवनसत्त्वही कमी, त्यासाठी जन्मताच एक इंजेक्शन देतात. ते दिले की नाही हे कार्डावर पाहून घ्यावे.

लोह आईच्या दुधात अल्पच असते. पण त्यातले जवळजवळ निम्मे बाळाच्या अंगी लागते. गायीच्या दुधातले दहा टक्क्यांच्या आसपास. पूर्ण दिवसांचे बाळ पोटातूनच लोहाचा साठा घेऊन येते. तो साधारण सहा महिने पुरतो. सहा महिन्यांनंतर दुधाबरोबर घरचे मऊ अन्न सुरू केलेच पाहिजे, याचे एक मोठे कारण हे आहे.

आईच्या शरीरात ब-१२ कमी असेल तर दुधातही ते कमी उतरते. आपल्याकडे पूर्ण शाकाहारी आणि दूध-दही बेताचेच घेणाऱ्या बायकांत ही उणीव बरीच दिसते. बाळ सुस्त होते, बोटांची पेरे काळवंडतात, धरलेली मान सोडून देते. अशा वेळी दूध तोडायचे नसते, आईला आणि बाळाला ब-१२ द्यायचे असते.

‘पातळ’ या शब्दाची किंमत

काही काळापूर्वी चार महिन्यांचे एक बाळ जुलाबाने सुकून माझ्याकडे आले. वजन सव्वाचार किलो, जन्माचे तीन किलो. दीड महिन्यापूर्वी ‘दूध पातळ आहे’ म्हणून पावडरचा डबा सुरू झाला होता.

मी विचारले, ‘आजी, चारशे ग्रॅमचा डबा किती दिवस पुरतो?’

‘पंधरा दिवस पुरवते डॉक्टर. लई महाग झालाय.’

आता हिशेब पाहा. या वयाच्या बाळाला दिवसाला पाचशेच्या आसपास उष्मांक लागतात, म्हणजे सुमारे शंभर ग्रॅम पावडर. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपायला हवा. तो पंधरा दिवस पुरला, याचा अर्थ बाळ बहुतांशी पांढरे पाणी पीत होते. आजींचा दोष नव्हता. त्या घराला चार दिवसाला एक डबा परवडण्यासारखा नव्हताच. ज्या दुधाला पातळ म्हणून बाजूला सारले, त्याच्या कितीतरी पट पातळ दूध विकत घेऊन पाजले जात होते. वर बाटलीच्या बोंडातून जंतू जात होते ते वेगळेच.

गायीच्या दुधात निम्मे पाणी घालण्याची पद्धतही तशीच. १०० मिलिलिटरमागचे ६७ उष्मांक ३३ वर येतात. बाळाने तेवढे भरून काढायचे तर दिवसाला दीड लिटर प्यावे लागेल. आणि पाणी न घालता दिले तर तिप्पट प्रथिने व जादा क्षार बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर पडतात. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून वर्षाच्या आत गायी-म्हशीचे दूध बाळाचे मुख्य अन्न करू नये.

त्या बाळाला क्षार-संजीवनी दिली, बाटली बंद केली, गरजेपुरते दूध वाटी-चमच्याने सुरू ठेवले आणि आईला दिवसरात्र आठ-दहा वेळा अंगावर घ्यायला सांगितले. पहिले तीन-चार दिवस तिला धीर द्यावा लागला. पंधरवड्यात तिचे दूध पुन्हा पुरेसे आले. आटलेले दूध परत येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

डबा आणि कायदा

पावडर आणि बाटल्यांच्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये एक आचारसंहिता संमत केली. भारताने १९९२ मध्ये त्याविषयी कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या अशा आहाराची व दूधबाटल्यांची जाहिरात करणे, आईला फुकट नमुने किंवा भेटी देणे गुन्हा आहे. या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा. स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारी देशव्यापी संघटना १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली; आणि त्याआधी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने देशातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळत नसेल तेव्हा दुसऱ्या मातांनी दिलेले, तपासून निर्जंतुक केलेले दूध तेथे मिळते.

दूध पुरते की नाही, कसे ओळखावे?

वाटीत पिळून पाहू नका. बाळाकडे पाहा. पहिला आठवडा सरल्यावर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू करत असेल, वरचे पाणी न देता, तर दूध पुरते आहे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, ते दहा ते चौदा दिवसांत भरून निघते. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वजन वाढावे. अंगणवाडीत दरमहा वजन करून कार्डावर टिंब मांडून घ्या. ते टिंब वर चढत असेल तर शेजारणीचे बोलणे मनावर घेऊ नका. वजन वाढत नसेल, शू कमी होत असेल किंवा बाळ ओढतच नसेल तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

दूध वाढते ते बाळाच्या ओढण्याने. जितके ओढले जाईल तितके बनते. वरचे दूध सुरू केले की ओढणे कमी, मग दूध कमी, मग पुन्हा वरचे जास्त. असे हे चक्र आहे. रात्रीचे पाजणे त्यासाठी फार महत्त्वाचे. आणि आईच्या मनावर ताण असला की पान्हा फुटायला वेळ लागतो. तेव्हा तिच्यासमोर ‘हिला दूधच नाही’ हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये.

आईच्या ताटात काय असावे?

पहिले सहा महिने आईला रोज सुमारे सहाशे उष्मांक जादा लागतात, म्हणजे जवळजवळ एक जादा जेवण. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खसखस, मेथी, बाजरीची भाकरी ही आपली परंपरा त्या दृष्टीने चांगली आहे. अळिवात लोहही भरपूर. पण ‘डाळ बादते, पालेभाजी नको, फळ थंड, पाणी बेताने’ ही पथ्ये टाकून द्यावीत. सर्व डाळी, भाज्या, फळे, दूध-दही, खात असाल तर अंडी-मासे, आणि तहान लागेल तेवढे पाणी घ्यावे. आई अशक्त असली तरी तिच्या दुधातली प्रथिने व साखर फारशी कमी होत नाहीत. तिचे शरीर स्वतःच्या साठ्यातून ती पुरवते. याचा अर्थ बाळाचे भागते, पण आई झिजते. तिला खाऊ घालायचे ते आधी तिच्यासाठी.

नोकरदार मातांना २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. शेतमजूर आणि ऊसतोडणीला जाणाऱ्या भगिनींना ती कोण देणार? त्यांच्यासाठी इतकेच सुचवतो : बाळाला थळावर बरोबर ठेवता येत असेल तर ठेवावे, मुकादमाने पाजण्यापुरता वेळ द्यावा. घरी ठेवायचे असल्यास स्वच्छ हाताने वाटीत दूध काढून झाकून ठेवावे. ते सावलीत, थंड जागी चार तास चांगले राहते. कडक उन्हाळ्यात त्याआधीच वापरावे. ते उकळू नये, बाळाला चमच्याने पाजावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• पहिल्या तासात अंगावर घ्या. चीक टाकू नका. मध, गुटी, साखरपाणी देऊ नका. मधातून एक गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षभर मध वर्ज्य.
• सहा महिने फक्त आईचे दूध. पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब व औषधे मात्र द्यावीत.
• दूध निळसर, पातळ दिसणे हे त्याचे नैसर्गिक रूप आहे.
• एक बाजू पूर्ण संपू द्या, मग दुसरी.
• सहा महिन्यांनंतर घरचे मऊ अन्न, आणि सोबत दोन वर्षे व त्यापुढेही अंगावरचे दूध.

पुढील आठवड्यात : सहा महिने झाले, आता बाळाला काय भरवावे?